आत्याच्या हृदयातली झडप

गेल्या गणपतीत मी मुरारला आत्याकडे होते. सात नंबर चौराह्याच्या पलीकडे तिचं जुनं घर आहे. स्वयंपाकघरात उकडीच्या मोदकांची गडबड चालू होती आणि बाहेरच्या खोलीत माझी भाची आत्याची दवाखान्याची फाइल लावत बसली होती. पुढच्या आठवड्यात आत्याला इको करायला न्यायचं होतं, त्यासाठी सगळे कागद तारखेप्रमाणे हवे होते. पोरगी नीटची तयारी करते, त्यामुळे घरातली असली कामं आता तिच्याकडेच येतात.

थोड्या वेळानं ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात २००९ सालचं डिस्चार्ज कार्ड होतं. मला बाजूला बोलावून हळूच म्हणाली, "मावशी, आजीच्या हार्टमध्ये जी झडप बसवलीय ना, ती डुकराची आहे. इथे लिहिलंय, पोर्साइन."

आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर, पण कान अजून तिखट आहेत. "काय म्हणतेय गं ती?"

आम्ही दोघी गप्प. चातुर्मासात घरात कांदा-लसूण येत नाही, नैवेद्य दाखवल्याशिवाय आत्या पाणी पीत नाही. तिला हे कसं सांगायचं? शेवटी भाचीनंच सरळ सांगून टाकलं. आत्यानं हातातली पारी ताटात ठेवली. "म्हणजे सोळा वर्षं?" एवढंच म्हणाली. आणि मग, "मला कुणी विचारलं होतं का रे तेव्हा?"

शेवटचं वाक्य तिच्या मुलासाठी, म्हणजे माझ्या आतेभावासाठी होतं. त्यानं मान खाली घातली. ऑपरेशन दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात झालं होतं. फॉर्म इंग्रजीत होता, रात्रीचे अकरा वाजले होते, सही त्यानं केली होती. "टिशू व्हॉल्व्ह बसवू, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागणार नाहीत," एवढंच त्याला सांगितलं गेलं. टिशू कुणाचा, हे त्यानं विचारलं नाही आणि समोरच्यांनी सांगितलं नाही.

आत्यानं पारी पुन्हा हातात घेतली. "विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तेव्हा धाकटीचं लग्न व्हायचं होतं, मला जगायचंच होतं. पण विचारायला हवं होतं."

प्राण्यांचे अवयव माणसाला बसवावेत की नाही, यावर सध्या जगभर बरंच लिहिलं-बोललं जातं. मी त्यातलं बरंचसं वाचलं आणि दर वेळी आत्याच्या या वाक्यापाशीच येऊन थांबले. म्हणून ते सगळं इथे तुमच्यासाठी एकत्र मांडते आहे.

प्राणी आपल्या शरीरात आधीच आहेत

आधी आत्याच्या झडपेबद्दल. हृदयाची झडप खराब झाली की ती बदलताना दोन पर्याय असतात. एक यांत्रिक झडप. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकारानं अशी देशी झडप तयार झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. ही झडप टिकाऊ असते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि वरचेवर तपासणी करावी लागते. दुसरा पर्याय जैविक झडपेचा. ती डुकराच्या हृदयातल्या झडपेपासून किंवा गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवतात. तिला ती गोळी सहसा कायमची लागत नाही, पण साधारण दहा-पंधरा वर्षांनी ती झिजू लागते. फ्रान्समध्ये १९६५ साली डुकराची झडप माणसाला बसवली गेली, आणि पुढे अलँ कार्पांतिए यांनी अशी झडप रसायनात मुरवून टिकाऊ करण्याची पद्धत बसवली. आज जगभर लाखो लोक अशा झडपांवर जगत आहेत.

इन्सुलिनची गोष्टही अशीच आहे. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला जे इन्सुलिन टोचलं ते गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. पुढची साठ वर्षं जगातले मधुमेही गाय आणि डुकराच्या इन्सुलिनवरच जगले. डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं ते १९८२ नंतर. म्हणजे तुमच्या पणजोबांना मधुमेह असेल आणि ते इन्सुलिन घेत असतील, तर ते कुठून येत होतं हे आता तुम्हाला कळलं.

आणि डायलिसिस. आपल्या ओळखीत, नात्यात कुणी ना कुणी आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला जातंच. यंत्रातून फिरताना रक्त गोठू नये म्हणून त्यात बहुतेक वेळा हेपारिन नावाचं औषध देतात. हे हेपारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. बायपासच्या वेळीही तेच वापरतात.

एवढं सगळं होऊनही आपल्या घरांत याबद्दल कधी बोलणं होत नाही. औषधाच्या बाटलीत आलं की प्राणी दिसत नाही. अख्खा अवयव म्हटला की दिसतो.

अवयव मात्र वेगळा

झडप आणि अख्खा अवयव यांत मोठा फरक आहे. झडपेवर प्रक्रिया करून तिच्यातल्या पेशी मारलेल्या असतात. ती एक प्रकारचं चामडंच असते म्हणा ना. किडनी किंवा हृदय मात्र जिवंत असावं लागतं. त्यातून आपलं रक्त वाहायला लागलं की शरीराला लगेच कळतं, हे परकं आहे.

डुकराच्या पेशींवर एक विशिष्ट साखर असते. माणसाच्या पेशींवर ती नसते आणि आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं जन्मानंतर लवकरच तयार झालेली असतात. त्यामुळे साध्या डुकराची किडनी माणसाला जोडली तर ती काही मिनिटांत किंवा तासांत काळीनिळी पडून बंद होते.

हे न कळता प्रयत्न मात्र बरेच झाले. १९०६ साली फ्रान्समधल्या लिऑं शहरात माथ्यू जाबुले यांनी डुकराची आणि बकरीची किडनी माणसाला जोडून पाहिली. दोन्ही चालल्या नाहीत. १९६३-६४ मध्ये अमेरिकेत कीथ रीम्ट्स्मा यांनी तेरा रुग्णांना चिंपांझीच्या किडन्या बसवल्या. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत गेले, पण एक शिक्षिका नऊ महिने जगली, कामावरही परत गेली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात लेनर्ड बेली यांनी एका नवजात मुलीला बबून माकडाचं हृदय बसवलं. ती एकवीस दिवस जगली. त्या मुलीच्या आईवडिलांना नेमकं काय सांगितलं होतं, माणसाचं हृदय मिळण्याचा प्रयत्न झाला होता का, यावर नंतर मोठा वाद झाला. विचारण्याचा प्रश्न तिथेही होताच.

आसाममधली गोष्ट

आपल्या देशातली सगळ्यात जवळची घटना १९९७ सालची. गुवाहाटीजवळ सोनापूर इथे डॉ. धनीराम बरुआ यांची हृदयरोगाची संस्था होती. त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांनी हाँगकाँगच्या एका शल्यविशारदाबरोबर बत्तीस वर्षांच्या एका माणसाला डुकराचं हृदय आणि फुफ्फुसं बसवली. रुग्णाच्या हृदयाला छिद्र होतं आणि प्रकृती फार बिघडलेली होती. शस्त्रक्रियेनंतर तो सात दिवस जगला, मग जंतुसंसर्गानं गेला.

डॉ. बरुआंना अटक झाली. त्यांनी चाळीस दिवस तुरुंगात काढले. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार लागणारी नोंदणी त्यांच्या संस्थेनं केलेली नव्हती आणि ही शस्त्रक्रिया नीतीला धरून नव्हती, असं राज्य सरकारच्या चौकशीत म्हटलं गेलं. शरीरानं अवयव नाकारू नये यासाठी आपण खास द्रव तयार केला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण इतर शास्त्रज्ञांना तपासता येईल असं काही त्याआधी त्यांनी पुढे ठेवलं नव्हतं.

पंचवीस वर्षांनी, २०२२ मध्ये, अमेरिकेत डुकराचं हृदय माणसाला बसवलं गेलं तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना डॉ. बरुआंची आठवण झाली. "बघा, आपण आधीच केलं होतं आणि त्यांना तुरुंगात टाकलं," असा सूर बऱ्याच ठिकाणी लागला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही हे फिरलं असेल. मला तो सूर पटत नाही. १९९७ मध्ये डुकरातली ती साखर काढून टाकण्याचं तंत्र हाताशी नव्हतं. त्याच वर्षी लंडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की डुकराच्या जनुकांतच दडलेले काही विषाणू प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींना लागण करू शकतात. अशा वेळी एका माणसाच्या शरीरावर केलेला प्रयोग हा धाडसाचा भाग असेलही, पण त्याचा धोका पत्करला कुणी? टेबलावर झोपलेल्यानं. त्याला त्यातलं किती कळलं होतं, हे विचारायचा हक्क समाजाला आहे.

पंचवीस वर्षांत काय बदललं

बदललं ते डुक्कर. जनुकं कापण्या-जोडण्याचं तंत्र हातात आल्यावर शास्त्रज्ञांनी डुकरं वेगळी घडवायला सुरुवात केली. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात जे हृदय बसवलं, त्या डुकरात दहा जनुकीय बदल होते. आपल्या शरीराला खटकणाऱ्या साखरा बनवणारी तीन जनुकं बंद केली होती. हृदय गरजेपेक्षा मोठं होऊ नये म्हणून वाढीशी संबंधित एक जनुक बंद केलं होतं. आणि माणसाची सहा जनुकं त्यात घातली होती.

शस्त्रक्रिया केली डॉ. बार्टली ग्रिफिथ यांनी. त्यांच्या बरोबरीनं या कामाची सूत्रं होती डॉ. मोहम्मद मोहिउद्दीन यांच्याकडे. ते मूळचे कराचीचे. डुक्कर ज्या धर्मात निषिद्ध, त्या धर्मातला एक डॉक्टर आयुष्यभर डुकराच्या हृदयावर काम करतो, हे मला आत्याला सांगावंसं वाटलं. सांगितलंही. ती म्हणाली, "जीव वाचवायचा म्हटल्यावर मग काय."

तो रुग्ण सत्तावन्न वर्षांचा होता. माणसाचं हृदय मिळण्याच्या यादीत तो बसत नव्हता. हे केलं नाही तर मरणार आणि केलं तरी वाचेनच असं नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं होतं. तो दोन महिने जगला. नंतर त्या हृदयात डुकराचा एक विषाणू सापडला, जो आधीच्या तपासण्यांत हुकला होता.

मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात जिवंत माणसाला पहिल्यांदा अशी किडनी बसवली. या डुकरात एकोणसत्तर बदल होते. त्यांतले एकोणसाठ फक्त त्या दडलेल्या विषाणूंना निकामी करण्यासाठी होते. बासष्ट वर्षांचा तो रुग्ण घरी गेला, पण साधारण दोन महिन्यांनी वारला. त्याचा मृत्यू किडनीमुळे झाल्याचं दिसत नाही, असं रुग्णालयानं सांगितलं.

यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका त्रेपन्न वर्षांच्या बाईला डुकराची किडनी बसवली. या बाईनं १९९९ मध्ये स्वतःच्या आईला एक किडनी दिली होती. पुढे बाळंतपणातल्या गुंतागुंतीमुळे उरलेली किडनी बिघडली आणि ती डायलिसिसवर गेली. शरीरात परक्या अवयवांविरुद्ध इतकी प्रतिपिंडं होती की माणसाची किडनी जुळणं जवळजवळ अशक्य झालं. डुकराची किडनी तिच्या शरीरात १३० दिवस चालली. मग शरीरानं ती नाकारली, ती काढावी लागली आणि ती पुन्हा डायलिसिसवर गेली. तिचं ऑपरेशन करणाऱ्या पथकाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट माँटगोमेरी यांचं स्वतःचं हृदयही प्रत्यारोपण केलेलं आहे.

जानेवारी २०२५ मध्ये बोस्टनलाच आणखी एका गृहस्थांना किडनी बसवली. ती २७१ दिवस चालली. दोन महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत मजल गेली. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं रीतसर चाचण्यांना परवानगी दिली. म्हणजे आता एकट्यादुकट्या रुग्णावरचे शेवटचे उपाय मागे पडून नियमांनुसार, नोंदी ठेवून अभ्यास होईल.

डुक्करच का?

भाचीनं हा प्रश्न लगेच विचारला होता. माकड तर माणसाच्या जास्त जवळचं. पण नेमकं तेच अडचणीचं आहे. माकडाचे रोग माणसाला सहज लागतात. माकडं हळू वाढतात, एका वेळी एकच पिल्लू देतात आणि मोठ्या वानरांच्या जाती आज संकटात आहेत. डुकरीण चार महिन्यांपेक्षा कमी काळात विते, एका वेळी बरीच पिल्लं देते आणि त्यांचे अवयव काही महिन्यांत माणसाच्या मापाचे होतात.

आता त्या डुकराची बाजू. हे आपल्यासारख्या, प्राण्यांच्या जीवाचा विचार करणाऱ्या घरांत बोलायला हवं. ही डुकरं उकिरड्यावरची नसतात. हवा, पाणी, खाणं सगळं तपासलेल्या बंद जागेत ती जन्मतात आणि वाढतात. बाहेरचं ऊन-माती त्यांना दिसत नाही. आणि शेवटी त्यांना मारलंच जातं. खाण्यासाठी कोट्यवधी डुकरं मारली जातात, त्यापुढे एक जीव वाचवण्यासाठी एक डुक्कर, असा युक्तिवाद करता येतो. तो मला बराचसा पटतो. पण जो मांसाहार करत नाही त्याला तो पुरेसा वाटणार नाही, आणि त्याला तसं वाटण्याचा अधिकार आहे. अशा माणसानं "मला हा अवयव नको" म्हटलं तर त्याला अडाणी म्हणू नये.

धर्माचं म्हणाल तर आपल्याकडे वाद घालायला दोन्ही बाजूंना सामग्री आहे. ज्याच्यासाठी मोदक चालले होते त्या देवाच्या धडावर हत्तीचं मस्तक आहे, आणि दशावतारात वराह आहे. यावरून "प्रत्यारोपण आपल्याकडे पुराणकाळीच होतं" असं कुणी म्हणालं तर तरुण मंडळींनी नम्रपणे नाही म्हणावं. कथा ही शस्त्रक्रियेची नोंद नसते. पण ज्या समाजाला वराह पूज्य वाटू शकतो, त्याला डुकराची झडप विटाळ वाटलीच पाहिजे असंही नाही.

तोवर आपण काय करायचं?

डुकराच्या किडनीची बातमी वाचून आमच्या घरात एकजण म्हणाला, "चला, आता अवयवदानाची कटकट संपली." संपलेली नाही. ती वाट अजून कितीतरी वर्षांची आहे आणि रांग आजची आहे.

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था, म्हणजे नोटो, हिच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये आपल्या देशात सगळे मिळून १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यांत किडनीची १३,४२६ होती. मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या मात्र १,०९९. एवढ्या मोठ्या देशात. दहा लाख लोकांमागे एकही नाही. स्पेनमध्ये हाच आकडा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणजे आपल्याकडचं बहुतेक दान जिवंत माणसं करतात, आपल्या आप्तांसाठी.

आणि ही जिवंत माणसं कोण? बहुतांशी बायका. आई, बायको, बहीण. घेणाऱ्यांकडे पाहिलं तर चित्र उलटं होतं. १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांना झाली आणि ६,९४५ स्त्रियांना. हे आकडे वाचताना मला न्यूयॉर्कची ती बाई आठवली. तिच्या देशात तिला निदान विचारलं गेलं असेल. आपल्या घरांत "तूच दे" हे बरेचदा न बोलताच ठरतं.

आपल्या मराठी माणसांना या विषयाची परंपरा आहे. डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी ते करून पाहिलं. आधी कित्येक वर्षं त्यांनी कुत्र्यांवर सराव केला होता. रुग्ण काही तासच जगला. पुढे देशात यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला १९९४ साल उजाडलं. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता देणारा कायदाही त्याच वर्षी झाला. ३ ऑगस्ट १९९४ ला दिल्लीच्या एम्समध्ये ते हृदय बसवलं, म्हणून आता ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन असतो. म्हणजे हात तयार होते, पण कायदा आणि समाजाची तयारी यायला सव्वीस वर्षं लागली. डुकराच्या अवयवांचंही असंच होईल. तंत्र येईल, त्याच्याबरोबर नियम, नोंदणी आणि रुग्णाला त्याच्या भाषेत सांगण्याची सवय यायला हवी.

ग्वाल्हेर-मुरारकडच्या आपल्या कुटुंबांसाठी काही कामाच्या गोष्टी सांगते.

नोटोच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या मदतीनं अवयवदानाची इच्छा नोंदवता येते. पण नोंद केली म्हणून काम झालं नाही. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा रुग्णालय घरच्यांनाच विचारतं, आणि घरच्यांचा होकार लागतो. म्हणून घरात बोलून ठेवणं हेच खरं काम आहे.

कुणाला अवयवाची गरज असेल तर २०२३ पासून केंद्र सरकारनं राज्यांना सांगितलं आहे की नोंदणीसाठी त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट ठेवू नका. म्हणजे मुरारचा माणूस पुण्याला, नागपूरला किंवा इंदूरला नाव नोंदवू शकतो. वयाची पासष्ट वर्षांची मर्यादाही काढायला सांगितलेली आहे. इंदुरात गेली कित्येक वर्षं अवयव नेण्यासाठी रस्ते मोकळे करून ग्रीन कॉरिडॉर केले जातात, हे तिथल्या नातेवाइकांकडून तुम्ही ऐकलंच असेल.

आणि घरात कुणाचं मोठं ऑपरेशन असेल, तर सही करण्याआधी तरुण मंडळींनी तीन प्रश्न विचारावेत. शरीरात काय बसवणार आहात? ते कशापासून बनलेलं आहे? दुसरा पर्याय काय आहे? तुम्हाला इंग्रजी येतं, तुमच्या हातात मोबाइल आहे. उत्तर मिळालं की ते त्या माणसाला, त्याला कळेल अशा शब्दांत सांगा. "आजीला कशाला सांगायचं, घाबरेल" असं म्हणू नका. आजी घाबरत नाही. तिनं तुमच्यापेक्षा जास्त पाहिलेलं असतं.

ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात आत्याला इकोला नेलं. डॉक्टर म्हणाले, झडप थोडी झिजली आहे, सध्या काही करायची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. बदलायची वेळ आलीच तर आता छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतूनही नवी झडप बसवता येते. भाचीनं लगेच विचारलं, "ती कशाची असते?" डॉक्टर जरा थांबले आणि म्हणाले, "गायीच्या हृदयाच्या आवरणाची असते, डुकराचीही मिळते."

गायीचं नाव ऐकून आत्या बराच वेळ काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "डुकराचंच बरं. सोळा वर्षं त्यानं काही त्रास दिला नाही." मग भाचीकडे वळून, "पण तेव्हा तू बरोबर चल हं. फॉर्म तू वाचून दाखव, सही मी करीन."